नाव खरेदीखताचं, व्यवहार गहाणाचा

कोर्टाची मधली सुट्टी झाली होती, तेव्हा ते मायलेक माझ्या टेबलापाशी आले. मुलाच्या हातात एक टाईप केलेला मसुदा होता, वर मथळा ‘संमतीपत्र’. गावातले एक गृहस्थ आपली सव्वा एकर जमीन बाहेरच्या पार्टीला विकत होते आणि त्या व्यवहाराला या दोघांची ‘संमती देणार’ म्हणून सही हवी होती. सहीचे लाख रुपये.

“जमीन आमचीच हुती पूर्वी,” मावशी म्हणाल्या. “थोरलीच्या लग्नात मालकांनी दिली. आता फुकट लाख रुपयं मिळत्यात, तर सही करायची का, येवढंच सांगा.”

विकून झालेल्या जमिनीसाठी जुन्या मालकाच्या बायकोची सही कोणी लाख रुपये मोजून घेत नाही. घेत असेल, तर सर्च काढताना, म्हणजे जमिनीचे जुने दस्त तपासताना, पलीकडच्या वकिलाला काहीतरी दिसलेलं असतं. मी मसुदा पुन्हा वाचला. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य होतं: ‘सदर मिळकतीवर आमचा गहाण सोडवण्याचा वा अन्य कोणताही हक्क असल्यास तो आम्ही याद्वारे कायमचा सोडून देत आहोत.’ सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून त्या गृहस्थांचं नाव, इतर हक्कांत कसलाही बोजा नाही, फेरफारात ‘खरेदीने नाव दाखल’. मग यात ‘गहाण’ आलं कुठून?

“मावशी, आज कुठेही सही करू नका. मूळ दस्त बघू या आधी.”

त्यांच्याकडे जुनी झेरॉक्स होती, पण शेवटची पानं गायब. दस्त 1997 चा, संगणकीकरणाच्या आधीचा, त्यामुळे ऑनलाइन शोधात सापडण्यासारखा नव्हता. दुपारच्या बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या कामांच्या यादीत, माझ्या फक्त पुढच्या तारखाच घ्यायच्या होत्या. त्या ज्युनिअरकडे दिल्या आणि मुलाला घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात गेले. जमीनजुमल्याचे दस्त ज्यात नोंदवतात ते पुस्तक क्रमांक 1 फी भरून कोणालाही पाहता येतं, हे पक्षकारांना माहीत नसतं. नकलेचा अर्ज दिला, फी भरली आणि पुस्तक उघडून बसले.

मथळा होता ‘मुदत खरेदीखत’. पुढे नेहमीची भाषा: लिहून घेणार, लिहून देणार, चतुःसीमा, ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपासह’. घाईत वाचणारा इथेच थांबेल, कारण इथवर सगळं खरेदीखतच आहे. शेवटच्या पानावर, साक्षीदारांच्या सह्यांच्या जरा वर, ही ओळ होती: ‘आजपासून पाच वर्षांचे आत सदर रक्कम रुपये 45,000 आम्ही तुम्हांस परत दिल्यास तुम्ही सदरील मिळकत आम्हांस फिरून खरेदी देणेची आहे. मुदतीत रक्कम न दिल्यास हे खरेदीखत कायम खरेदीखत समजावे.’

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 58(क) मध्ये सशर्त विक्रीने गहाणाची जी व्याख्या आहे, ती जवळजवळ हीच. 1929 च्या दुरुस्तीने तिला एक परंतुक, म्हणजे मर्यादा घालणारं वाक्य, जोडलं: परतीची अट त्याच दस्तात नसेल, तर व्यवहार गहाण ठरू शकत नाही. म्हणून हुशार सावकार फेरखरेदीचा करार वेगळ्या कागदावर करून घेतो. इथे अट त्याच दस्तात होती. नुसती अट असली की गहाण सिद्ध झालं असं नाही, पण 1954 साली चुनचुन झा विरुद्ध इबादत अली या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, की अशा वेळी कल गहाणाकडे धरायचा; उलट दिसत असेल तरच विक्री.

पुस्तकाच्या सूचीत त्याच वर्षीचं शेजारच्या गटाचं खरेदीखत सापडलं. जमीन तेवढीच, किंमत दुपटीहून जास्त. मी दस्त क्रमांक टिपून घेतला.

संध्याकाळी ऑफिसात मावशींना समजावायला बसले, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. “पण मुदत कवाच सरली की. मालक म्हणलं, गेली जमीन. त्या वर्साला त्यांनी शेताच्या वाटंनं जायचंसुदीक सोडलं.” यावर काय बोलणार? या माणसाला कोणीतरी एकदा सांगायला हवं होतं, की मुदत सरली म्हणून गहाणातली जमीन आपोआप जात नाही. समोरच्याने कोर्टातून हुकूमनामा आणायला हवा, आणि तो कोणी आणलेला नव्हता. सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणजे मालकी आली असंही नाही. ती नोंद महसुलासाठी. त्याच अधिनियमाच्या कलम 60 चा गहाण सोडवण्याचा हक्क दोनच वाटांनी संपतो: पक्षकारांच्या कृतीने किंवा कोर्टाच्या हुकुमाने. मावशींच्या पुढ्यातलं संमतीपत्र म्हणजे पहिली वाट होती. सही झाली असती, तर पुढे कोणताही वकील काही करू शकला नसता.

2014 च्या सावकारी कायद्याखाली जिल्हा निबंधकाकडे जाता आलं नसतं, तो मागच्या 15 वर्षांतले व्यवहार पाहतो. दिवाणी दाव्याला मात्र मुदत कायद्याने 30 वर्षं दिली आहेत. अटीत ‘पाच वर्षांचे आत’ असल्यामुळे, म्हणजे पैसे पहिल्या दिवसापासूनच फेडता आले असते म्हणून, समोरचे ती दस्ताच्या तारखेपासून मोजा म्हणणार. तशी मोजली तरी 2027 अजून उजाडायचं होतं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मॅडम, पंचेचाळीस हजार तर मी सोसायटीतूनबी उचलीन.”

संमतीपत्र बिनसहीचंच परत गेलं. आम्ही गहाण सोडवण्याचा दावा लावला, कलम 83 प्रमाणे रक्कम कोर्टात भरली आणि जमीन मध्येच विकली जाऊ नये म्हणून दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवली. बाहेरची पार्टी तेव्हाच मागे सरली. कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, समोरच्यांचा सगळा भर ताब्यावर आहे: पहिल्या दिवसापासून जमीन आम्हीच कसतोय. तो मुद्दा मी हलका मानत नाही. पण गहाणातही ताबा देता येतो, आणि दुप्पट मोलाच्या जमिनीला निम्मी किंमत का, याचं उत्तर त्यांना द्यावं लागेल. शेजारच्या गटाचं ते खरेदीखत साबित करायला त्यातल्या लिहून देणाऱ्याला साक्षीचं समन्स काढलंय. पुढच्या तारखेला त्याची सरतपासणी, म्हणजे आमच्या बाजूने साक्ष, आहे.