बाबांची पतसंस्था
चिंचवडच्या घराचा वरचा मजला, ताईचं लग्न, माझा डिप्लोमा, सगळं बाबांच्या कंपनीतल्या कामगार पतसंस्थेच्या कर्जावर निघालं. हप्ता थेट पगारातून कापला जायचा. १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम ४९ मध्ये तशी सोयच आहे. तरी दोन जामीनदार लागायचेच. मग बाबा सेकंड शिफ्ट सुटली की पेंट शॉपवाल्या काकांना गाठायचे. काका आधी चहा उकळायचे, मग सही करताना सुनवायचे, "हप्ता थकवलास तर माझ्या पगाराला कात्री लागेल हां!"

लाभांश कायद्याने १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही, पण वार्षिक सभेत खडाजंगी त्यावरच. आईचा प्रश्न वेगळाच असायचा: यंदा भेट काय, कुकर की पुन्हा डबेच?