औषधाची पट्टी आधी दाखवा

कोल्हापुरात माझी जिम आहे, त्याला अकरा वर्षं झाली. साडेतीनशेच्या आसपास मेंबर. इतकी वर्षं डाएट सांगायचं काम ट्रेनरच करायचे. कुणाला वजन उतरवायचंय, कुणाला वाढवायचंय, त्याप्रमाणे ठरलेले चार-पाच तक्ते होते; नाव बदलून तेच पुढे जायचे. मला हे खटकत होतं, पण अंगवळणी पडलं होतं. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर मात्र मनावर घेतलं आणि आहारतज्ज्ञ पाहिजे म्हणून जाहिरात दिली.

पंचवीसेक अर्ज आले. त्यातले निम्मे सहा-आठ आठवड्यांचे ऑनलाइन कोर्स केलेले. तिघांना शनिवारी दुपारी बोलावलं. नुसत्या गप्पांतून काही कळत नाही, म्हणून मेंबरांच्या दोन खऱ्या फाइली, नाव-नंबर झाकून, टेबलावर ठेवल्या. म्हटलं, या वाचा आणि काय कराल ते सांगा.

पहिली फाइल तालमीतून आलेल्या एका पोराची. वय 22, वजन 78 किलो, किडनीचं काम बघायला मोजतात ते रक्तातलं क्रिएटिनिन 1.4. रिपोर्टवर त्या आकड्यापुढे खूण होती आणि घरचे घाबरून गेले होते. दुसरी फाइल 54 वर्षांच्या एका काकांची. डायबेटिस, पोट सुटलेलं, मुलीचं लग्न तोंडावर.

पहिला उमेदवार तब्येतीनं उत्तम, बोलायला तरबेज. दोन्ही फाइली त्यानं दोन मिनिटांत बाजूला ठेवल्या. किलोमागे अडीच ग्रॅम प्रोटीन, सकाळ-संध्याकाळ पावडर. पगार अठरा हजार चालेल म्हणाला, वर पावडरच्या डब्यांवर कमिशन. 'डबे मी खपवतो, तुमचाही फायदा,' हे त्यानं अगदी सरळ सांगितलं. दुसऱ्या उमेदवाराकडे डिग्री चांगली होती, पण दोघांनाही तिनं बाराशे कॅलरीचा आहार लिहिला. दिवसाला दोन तास घाम गाळणारा पोरगा बाराशे कॅलरीवर कसा उभा राहील, या प्रश्नावर ती गप्प बसली.

तिसऱ्या मॅडम मिरजेहून आल्या होत्या. गृहविज्ञानाची पदवी, आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा, इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडी, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा पास. चार वर्षं हॉस्पिटलमध्ये काम, त्यातली दोन डायलिसिसच्या पेशंटबरोबर. आल्या आल्या पहिली फाइल उघडली आणि मलाच विचारलं, "सर, हा पोरगा क्रिएटिन घेतो का? रक्त दिलं त्याच्या आदल्या दिवशी काय व्यायाम केला होता? मटण खाल्लं होतं का?"

क्रिएटिन, म्हणजे ताकदीसाठी जिममधली पोरं घेतात ती पावडर, तो घेत होता. आदल्या दिवशी पायांचा जोरदार व्यायामही झाला होता. त्या म्हणाल्या, या सगळ्यानं आकडा वर जातो. अंगात स्नायू जास्त असले तरीही जातो. एवढ्यावरून किडनी बिघडली असं म्हणता येत नाही, आणि ठणठणीत आहे असंही नाही. क्रिएटिन थांबवून, आठवडाभर जोराचा व्यायाम न करता टेस्ट पुन्हा करायची आणि रिपोर्ट डॉक्टरांनी वाचायचा. "तोवर मी त्याचं प्रोटीन वाढवणार नाही, बंदही करणार नाही. तो सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातो का?" जात होता. "मग ते दूध चालू राहू दे."

मला तिथंच पटलं होतं. माणूस ठरल्यात जमा होता. मग त्यांनी दुसरी फाइल घेतली.

आमच्या फॉर्मवर 'चालू औषधे' असा रकाना आहे. काकांनी तो स्वतःच्या अक्षरात नीट भरला होता: मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन, दोन्ही डायबेटिसच्या गोळ्या. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं आणि पान उलटलं. मागं आमच्या ट्रेनरचा तक्ता टाचलेला होता. भाकरी बंद, भात बंद, डाळ बंद. अंडी, पनीर, लोणी, नारळाचं तेल. कीटो. वर मंगळवारची तारीख.

"सर, हे चालू झालंय का?"

"मंगळवारपासून. म्हणजे आज पाचवा दिवस."

"त्यांना आत्ता फोन लावा. मुलाखत राहू दे."

मी फोन स्पीकरवर टाकला. काकूंनी उचलला. म्हणाल्या, कालपासून त्यांच्या पोटात काही ठरत नाही, दोनदा उलटी झाली, दमल्यासारखं होतंय म्हणून पडलेत. "तेलकट बाधलं असेल. साखर बघितली की आम्ही, एकशे ऐंशी आहे. फार नाही."

मॅडमचा आवाज जराही चढला नाही. "काकू, साखर एकशे ऐंशी असली तरी थांबू नका. रिक्षा बोलवा आणि हॉस्पिटलला चला. गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घ्या. तिथं सांगा, डापाग्लिफ्लोझिनची गोळी चालू आहे आणि पाच दिवस भाकरी-भात बंद आहे. रक्तातले कीटोन बघा म्हणावं."

मी गाडी काढली आणि थेट हॉस्पिटलवर गेलो. मॅडम बरोबर होत्या; वाटेत त्यांनी मला ते समजावलं. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. त्यातच पिष्टमय खाणं एकदम बंद केलं की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारे कीटोन साठत जातात आणि रक्तात आम्ल वाढतं. एरवी असं होतं तेव्हा साखर तीनशे-चारशेच्या पुढं जाते, त्यामुळं घरचे घाबरून धावतात. या गोळीवर बऱ्याचदा साखर फारशी चढतच नाही. म्हणून मशीनवरचा आकडा बघून घरचे निर्धास्त राहतात आणि पेशंट मात्र खालावत जातो.

कीटोन वाढलेले निघाले. डॉक्टरांनी दाखल करून घेतलं, सलाइन लावलं, इन्शुलिन सुरू केलं, ती गोळी थांबवली. आणखी एक दिवस घरी राहिले असते तर अवघड होतं, असं ते मला बाजूला घेऊन म्हणाले. काका तिसऱ्या दिवशी घरी आले. त्या तीन रात्री मला झोप लागली नाही. रकाना आम्हीच छापला होता, काकांनी तो भरला होता, आणि वाचला कुणीच नव्हता.

ट्रेनर पोरगा रडला. त्याला मी काढलं नाही. जे काम त्याचं नव्हतंच ते मी त्याच्यावर टाकलं होतं. 2021 मध्ये केंद्रानं आरोग्यसेवेतल्या संलग्न व्यवसायांचा कायदा केला, त्यात आहारतज्ज्ञही आहेत. जिममधल्या पोरांना हे काम सांगताना मी त्याचा कधी विचारच केला नव्हता.

सोमवारी मॅडमना फोन केला. त्यांनी पस्तीस हजार सांगितले. आमच्यासारख्या जिमला हा आकडा हलका नाही, पण मी घासाघीस केली नाही. त्यांच्या अटी पगाराहून महत्त्वाच्या होत्या. पावडरचा डबा त्या विकणार नाहीत आणि कमिशनही घेणार नाहीत. औषधाची पट्टी आणि रिपोर्ट बघितल्याशिवाय तक्ता नाही. मधुमेह, किडनी, गरोदरपण असेल तर आधी त्या डॉक्टरांशी बोलणार. त्यांनी लिहिलेल्यात ट्रेनर परस्पर बदल करणार नाही. काउंटरमागचं पावडरचं कपाट मी त्याच आठवड्यात रिकामं केलं. महिन्याची बरीच मिळकत त्यात होती, तरीही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत साध्या निरोगी माणसाला किलोमागे 0.83 ग्रॅम प्रोटीन पुरेसं धरलंय. व्यायाम करणाऱ्याला त्याहून जास्त लागतं हे खरं, पण आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं ते डाळ, अंडी, दूध, फुटाणे, शेंगदाण्यांत भागतं. हे मॅडमनी एकेकाला वजन करून दाखवलं.

काकांचा आहार त्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरू केला, आणि पहिल्या दिवशी जिममध्ये न भेटता त्यांच्या घरी गेल्या. मीही बरोबर होतो. काकूंना म्हणाल्या, "तुमची रोजची वाटी दाखवा." काकूंनी स्टीलची वाटी काढली. मॅडमनी ती पाण्यानं भरून मापाच्या भांड्यात ओतली. अडीचशे मिली. पुस्तकातली वाटी दीडशेची.

"आणि भाकरी?"

काकूंनी ज्वारीच्या पिठाचा गोळा मळून दिला. तराजूवर ठेवला. मॅडमनी आकडा लिहून घेतला आणि म्हणाल्या, "भाकरी बंद नाही करायची काकू. गोळा एवढाच घ्यायचा, जरा लहान." काका आतल्या खोलीतून ऐकत होते. उठून स्वयंपाकघराच्या दारात आले आणि विचारलं, "खर्डा चालेल का बरोबर?"