खोकं कुठंय?

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा स्टीलचा मोठा डबा खाली काढला. आत जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेला गेम बॉय, म्हणजे हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचं यंत्र, आणि पाठीत टेट्रिस या ठोकळे रचायच्या गेमची करडी कार्ट्रिज (गेम साठवलेली वडी) अजून खोचलेली. मामानं १९९१ साली मस्कतहून आणला होता. मी तेव्हा आठवीत, दादा दहावीत. आमच्या सांगलीच्या गावभागात असलं काही कुणाकडं नव्हतं. ते चायनीज ब्रिक गेम नंतर आले, जत्रेत आणि मारुती रोडवर ढिगानं.

भाचा मोबाईल घेऊनच बसला. ‘आत्या, लखपती झालीस की गं!’ त्यानं वाचलं होतं ते खोटं नव्हतं. २०२१च्या जुलैमध्ये सुपर मारिओ ६४ या जुन्या व्हिडिओ गेमची एक सीलबंद प्रत अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरना गेली. पण सीलबंद म्हणजे प्लास्टिकसुद्धा न फाडलेली. आमच्या टेट्रिसवर दादाच्या दातांच्या खुणा आहेत.

मग आठवडाभर मीच खोदत बसले. (बँकेतली नोकरी संपली, तरी नोटा उजेडात धरून बघायची सवय काही जात नाही.) कार्ट्रिज अस्सल निघाली. मागं एकच स्क्रू, तोही साध्या पेचकसानं न फिरणारा. लेबलवर तिरकं धरल्यावरच दिसणारा दोन आकडी ठसा. नकली मालाच्या लेबलावर हा ठसा बहुतेक वेळा नसतो. मला तर विजय मिळाल्यासारखं झालं. पण अस्सल असून उपयोग काय? १९८९ मध्ये अमेरिकेत आणि नंतर युरोपातही गेम बॉयबरोबर टेट्रिस फुकटच दिली होती. जगात तिच्या ३.५ कोटींच्या आसपास प्रती खपल्या. हळदीचा भाव जसा आवकेवर, तसंच हे. सुटी कार्ट्रिज तिकडं पंधरा-वीस डॉलरला मिळते.

पैसा आहे तो पुठ्ठ्यात. खोकं, आतलं माहितीपत्रक, आतला साचा, जोडीनं खेळायची केबल, सगळं जागेवर असेल तर भाव कितीतरी पटींनी चढतो, कारण पोरं खोकं आधी फाडतात. आमचं खोकं फाडलेलं नव्हतं. आईनं त्यात फॉल-पिकोची रिळं ठेवली होती, खालच्या कपाटात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली आणि खालचं सगळं चिखलात गेलं. परतल्यावर रिळं आम्ही धुऊन वाळत घातली. खोक्याचा लगदा घमेल्यात भरून फेकला, तो मीच.

गेम बॉयच्या सेलच्या कप्प्यात हिरवट-पांढरा थर साचला होता. जुन्या टूथब्रशनं खरवडला, कार्ट्रिजच्या पट्ट्या स्पिरिटच्या बोळ्यानं पुसल्या. फुंकर मारायची नाही, हे आता कळलं. तोंडातल्या दमटपणानं त्या पट्ट्या गंजतात. लहानपणी आम्ही दुसरं काहीच करत नव्हतो. चार पेन्सिल सेल घातले. टिंग. काचेवर दोन उभ्या रेघा मेल्यात, बाकी तोच हिरवट पडदा, तीच रशियन चाल. दादाचा विक्रम मात्र नाही. या कार्ट्रिजमध्ये आकडे जपायची सोयच नाही, बंद केलं की पुसलं. आणि तो तीस वर्षं मला एक लाख दहा हजार सांगत आलाय! पुरावा शून्य.

मुंबईच्या एका संग्राहकाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर तीन शब्दांचं, ‘बॉक्स आहे का?’ नाही म्हटल्यावर दोन्ही मिळून साडेतीन हजार बोलला. ते ऐकून दादाला एकदम आठवलं, की मामानं कार्ट्रिज मला दिली होती, पण गेम बॉय त्याला. वाटणी करायची तर संग्राहक दोघांशी वेगवेगळं बोलायला तयार नाही.

आमचं हे चाललेलं असताना आई स्वयंपाकघरातून विचारती झाली, ‘तो डबा मोकळा झाला का गं? शंकरपाळ्या गार झाल्यात.’