दूरच्या माणसांसाठी एक कोपरा

बाबा गेले तेव्हा मला तिकीट मिळेपर्यंत दहावा उलटून गेला होता. भावाने रामकुंडात अस्थी सोडल्या, त्या मी हेलसिंकीत फोनवर पाहिल्या. नंतर कित्येक दिवस वाटत राहिलं की मला रडायलासुद्धा जागा नाही.

इथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला ‘प्युहाइनपाइवा’ येतो, आपल्या सर्वपित्रीसारखा गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस. ऑफिसातली मैत्रीण मला हिएतानिएमीच्या दफनभूमीत घेऊन गेली. साडेचारलाच अंधार पडलेला आणि थडग्याथडग्यावर मेणबत्त्या. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळे हळू आवाजात बोलत होते. ही मैत्रीण रविवारी चर्चला जात नाही. निम्म्याहून अधिक फिनिश लोक ल्युथरन चर्चचे सभासद आहेत, तरी नेमाने जाणारे थोडेच.

फिनलंड २०१८ पासून जागतिक आनंद अहवालात वर्षानुवर्षं पहिला येतोय, मग धर्माशिवायही माणसं सुखी राहतात, असं मला वाटायचं. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासली. जिथे जगणं खडतर आहे, तिथे श्रद्धाळू माणसं अधिक समाधानी दिसली. जिथे पोटापाण्याची निश्चिंती आहे, तिथे तो फरक जवळजवळ उरला नाही. मला हे पटतं. माझ्या आजीचे निम्मे नवस आजारपणाचे आणि पावसाचे होते. इथे आजारपणाची काळजी बरीचशी सरकार वाहतं. मरणाचं दुःख मात्र कुठलंच सरकार वाहू शकत नाही, आणि त्यासाठी ही माणसं अजून दफनभूमीतच येतात.

मग मैत्रिणीने मला एका कोपऱ्यात नेलं. ज्यांची माणसं दुसरीकडे पुरली आहेत, त्यांनी मेणबत्ती लावायची ती जागा. फिनलंडच्या दफनभूम्यांमध्ये अशा जागा असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडच्या पूर्वेकडच्या कारेलियाचा मोठा भाग सोव्हिएत संघाकडे गेला, चार लाखांहून अधिक लोक घरदार सोडून आले आणि आईवडिलांची थडगी सीमेपलीकडे राहिली. तिची पणजी त्यांतलीच. पिशवीतली दुसरी मेणबत्ती तिने माझ्यासाठी आणली होती.

माझ्या बाबांचं थडगं नाही, ते गोदावरीत आहेत, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “तेही दूरच ना?”

मी तिथे खूप रडले. कोणी वळून पाहिलं नाही, कोणी घाईही केली नाही.

रात्री आईला फोटो पाठवला. तिने एवढंच विचारलं, “वात दक्षिणेकडे केलीस ना गं?”

यंदा फोनवर दिशा बघून लावली.