बेरीज शून्य, तरी पाणी वाहतं

सोलापुरातल्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवतो. वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो. मोठं पाणी म्हणजे त्यांच्या लेखी उजनी. त्यामुळे भरती-ओहोटीचा धडा बिनबोभाट उरकतो. यंदा एप्रिलमध्ये मात्र मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, "सर, पाणी सहा तास इकडं जातंय, सहा तास तिकडं. बेरीज शून्य. मग भरतीमुळं कायमचा प्रवाह तयार होतो म्हणताय, तो आला कुठनं?"

प्रश्न बिनतोड. तास संपल्यावर सगळ्यांना घेऊन भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलो.

तिथं काचेची लांबट टाकी होती. मामांनी कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणला. खाली निळी शाई घातलेलं गार पाणी, वर थर्माकोलच्या तुकड्यावरून हळूच सोडलेलं लाल कोमट पाणी. (कोमट करायला शेगडी लागली नाही, गच्चीवरच्या टाकीचा नळ पुरला.) उन्हाळ्यातला खोल समुद्र साधारण असाच असतो: वर ऊबदार थर, खाली गार.

मग टाकीच्या एकाच टोकाला पट्टी पुढं-मागं हलवायला लावली. हे समजा समुद्राचं उथळ टोक. तिथं भरतीचं पाणी तळाशी घासतं आणि सगळा थर घुसळून निघतो. ही घुसळण वेगाच्या घनावर चालते. प्रवाह दुप्पट झाला की ती आठपट. म्हणून सिम्पसन आणि हंटर या समुद्रशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये आयरिश समुद्रासाठी खोली भागिले वेगाचा घन एवढंच गणित मांडलं. घुसळलेलं पाणी कुठं संपतं आणि थरांचं कुठं सुरू होतं, म्हणजे फ्रंट कुठं पडणार, हे त्यावरून कळतं.

टोकाचं पाणी जांभळं झालं. पट्टी थांबवली, आणि पोरं काचेला नाक लावून उभी राहिली. जांभळ्या पाण्याची जीभ लाल आणि निळ्याच्या बरोबर मधून दुसऱ्या टोकाकडं सरकू लागली. वरून लाल, खालून निळं तिची जागा घ्यायला उलटं येत होतं. पट्टी तर फक्त पुढं-मागं हलली होती!

खऱ्या समुद्रात पृथ्वीचं फिरणं मध्ये येतं. फ्रंटला आडवं निघालेलं पाणी वळतं आणि बरंचसं फ्रंटच्या कडेनंच धावतं. शिवाय उतरत्या तळावर उथळाकडं जाताना घर्षण जास्त, खोलीकडं येताना कमी. त्यामुळे दोन्ही फेऱ्या एकमेकींना पुरत्या खोडत नाहीत आणि उताराच्या कडेकडेनं थोडा प्रवाह शिल्लक राहतो. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळच्या जॉर्जेस बँक या समुद्रतळावरच्या उथळ उंचवट्याभोवती पाणी घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, ते या दोन्हींमुळं. उन्हाळ्यात फ्रंट पक्का झाला की त्याला आणखी जोर चढतो. तळाची पोषकद्रव्यं तिथं वर येतात, म्हणून मासळीही भरपूर.

मुलीचं समाधान अर्धवटच झालं. "पण टाकी फिरत नाहीये, सर." यंत्रमागवाल्या घरातला एक मुलगा लगेच म्हणाला, "आमच्याकडं जुनी मोटर पडलीये, फिरवू की!" मागाची मोटर मिनिटाला हजारावर फेरे घेते, आपल्याला दोन-चार हवेत. मामांचं मत पडलं की आधी टाकी घट्ट बांधा. सध्या आम्ही गिअरबॉक्स शोधतोय.