ग्रिलचा प्रायमर, गाडीचं दार

“प्रायमर म्हणजे प्रायमर, त्यात काय एवढं?”

आज वाशीत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऐकलेलं वाक्य. समोर गाडीचं दार, त्यावर कालचा रंग. तापवलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतलेला.

खाली प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, होता खिडकीच्या ग्रिलला मारतात तो रेड ऑक्साईड. उरलेला डबा संपवायचा होता म्हणे. तो तेलाचा, गाडीच्या रंगातलं जहाल थिनर त्याला फुगवून उचलतं. आता सगळं पत्र्यापर्यंत खरवडणं आलं.

उघड्या पत्र्याला इपॉक्सी प्रायमरच. आधी १८० नंबरचा सँडपेपर, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. इपॉक्सीवर टू-के सरफेसरचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या, घासून सपाट करायच्या प्रायमरचे दोन-तीन कोट, मध्ये १०-१५ मिनिटं थांबून. हार्डनर डब्यावर लिहिलाय तेवढाच, अंदाजपंचे नाही. त्यात आयसोसायनेट हे फुफ्फुसांना घातक रसायन असतं, कापडी मास्क कामाचा नाही. सरफेसर वाळला की शेवटचं घासणं ६०० किंवा ८०० च्या पेपरने.

खड्डे भरायची पुट्टी मात्र कोरडीच घासायची. ती पाणी पिते, आणि खाडीकाठच्या दमट हवेत ते पाणी फोड होऊन वर येतं.

मागच्या दारालाही तोच डबा लागलाय का, कोण विचारणार?