आक्काचं बी पंचनाम्यात आलं

2020 चा जून महिना. तोंडाला मास्क बांधून औसा तालुक्यातल्या एका गावात बांधावर उभी होते. समोर सोयाबीनचं दोन एकर रान आणि त्यात इथं एक रोप तर तिथं एक. त्या वर्षी मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता, पुढं हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, पण इथं बांधावर तिशीतला एक पोरगा बियाण्याची पिशवी, तिच्यावरचा टॅग, पावती आणि डब्यात मूठभर उरलेलं बी घेऊन सकाळपासून तक्रार तपासायला येणाऱ्या समितीची वाट बघत बसलेला. पिशवी खालनं फोडायची म्हणजे टॅग शाबूत राहतो, हे मी गावोगाव सांगत फिरते, त्यानं ते ऐकलं होतं म्हणून निदान पुरावा तरी हातात होता.

सोयाबीन काही आपलं जुनं पीक नाही. मी मूळची मालदांडी, गूळभेंडी ज्वारी, करडई, जवस यांच्या बियाण्यासाठी भांडणारी. पण लोक आज सोयाबीनच पेरतात आणि त्याचं बी दरवर्षी विकत घ्यायची गरज नाही, ते सरळ वाण आहे, म्हणजे संकरित नाही, घरचं चालतं, कृषी खातंसुद्धा तेच सांगतं. मग त्यासाठी पण भांडायलाच पाहिजे ना.

दुपारी समिती आली. शास्त्रज्ञांनी ओळ उकरली तर दाणे मऊ पडून कुजलेले. कंपनीचा माणूस लगेच म्हणाला, पाऊस कमी असताना पेरलंय आणि खोल पण पडलंय, बियाण्यात दोष नाही. म्हणजे चूक पुन्हा शेतकऱ्याचीच! मी म्हणलं, साहेब, बांधाच्या पलीकडं बघा की. तिकडं ओळी हिरव्यागार उभ्या होत्या. तोच दिवस, तोच पाऊस, तेच ट्रॅक्टर, तोच ड्रायव्हर. फरक एकच, तिकडचं बी आक्काच्या घरातलं.

आक्का सत्तरीच्या पुढच्या. कुणी त्यांना काही विचारतच नव्हतं, मी हाताला धरून पुढं आणलं. त्या म्हणाल्या, "मागल्या दिवाळीला पाऊस लागला, त्याच्या आधी काढलेली वरच्या वावरातली रास मी बियाला बाजूला ठिवली. मशीनीत घातली नाही, काठीनं बडवली. गोणपाटात भरून फळ्यांवर ठिवलं, त्याच्यावर दुसरं पोतं रचू दिलं नाही." शास्त्रज्ञ मान हलवत ऐकत होते, कारण त्यांना माहीत आहे, सोयाबीनचं वरचं टरफल फार पातळ, मशीनच्या माराने किंवा थप्पीच्या वजनाने आतला अंकुर दुखावतो, वरून दाणा मात्र चांगला दिसतो. पेरायच्या आधी आक्कांनी ओल्या गोणपाटात 100 दाणे गुंडाळून ठेवले होते, त्यातले 84 उगवले. निदान 70 उगवले तर बी पेरायला चालतं.

यावर कंपनीचा माणूस काय म्हणाला असेल? "घरचं बी दुसऱ्याला देणं-विकणं बेकायदा आहे, केस होऊ शकते." सगळे गप्प. आक्काचा मुलगा त्यांचा पदर ओढून मागं घ्यायला लागला. मला त्या भीतीचाच सगळ्यात जास्त राग येतो. आदल्याच वर्षी गुजरातमध्ये बटाट्याच्या वाणावरून एका कंपनीनं शेतकऱ्यांवर कोटीचे दावे लावले होते आणि देशभर ओरड झाल्यावर मागं घ्यावे लागले. मी पिशवीतून 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याची झेरॉक्स काढली आणि कलम 39 मोठ्याने वाचलं. घरचं बी जपायचं, पेरायचं, परत पेरायचं, अदलाबदल करायची, वाटायचं, विकायचं सुद्धा, हा शेतकऱ्याचा हक्क आहे, फक्त ब्रँड लावून विकायचं नाही. दोनदा वाचलं.

मग गाडी अडली पंचनाम्यावर. फॉर्ममध्ये शेजारच्या रानाचा रकानाच नाही म्हणे. नसू दे, शेऱ्यात लिहा, म्हणलं. अर्धा तास वाद झाला, शेवटी शास्त्रज्ञांनीच सांगितलं तेव्हा लिहिलं, की लगतच्या गटात त्याच दिवशी त्याच यंत्राने पेरलेल्या घरगुती बियाण्याची उगवण चांगली आहे. सातबारा मुलाच्या नावावर म्हणून साहेबांनी मुलाचं नाव घातलं. आक्कांनी विचारलं, "काय लिवलं, वाचा बरं." वाचल्यावर म्हणाल्या, "रान त्याचं आसंल, बी माझं हाय. माझं नाव टाका." टाकलं. मी त्या कागदाचा फोटो काढून ठेवलाय.

नुकसानभरपाईचा कागद पुढं कितीतरी महिने नुसता फिरत राहिला. पेरणी मात्र थांबत नसते. संध्याकाळी त्या पोराला आक्कांनी 60 किलो बी मापून दिलं, एकरी 30 च्या हिशोबाने, सवाईनं, म्हणजे राशीला 75 परत. पोतं उचलताना त्याला थांबवलं आणि म्हणाल्या, "लेकरा, बाकीचं कर काय करायचं ते, पण माझं परत द्यायचं तेवढं हातानं बडव. मशीनीतलं मी घेणार नाही."